काळं रेशीम आधी का फाटतं? संग्रहालयातल्या जुन्या रेशमी रजईबद्दल

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. एका संग्रहालयात हाताने शिवलेली जुनी रेशमी रजई पाहिली, लहान लहान षटकोनी तुकडे जोडून केलेली. बरेच तुकडे शाबूत होते, पण काही तुकड्यांच्या, मुख्यतः काळ्या आणि गडद तपकिरी, अक्षरशः चिंध्या झाल्या होत्या आणि त्यांच्यावर एक अगदी बारीक जाळी होती. उजेड इतका मंद की डोळे ताणून बघावं लागलं. सहा महिन्यांनी आईला दाखवायला नेलं, तर रजई तिथून काढलेली. "एवढी मोलाची वस्तू आहे तर ती धुऊन, त्याच रंगाचं नवं रेशीम लावून नीट का करत नाहीत? हा हलगर्जीपणा नाही का?" आणि शेवटी एक ओळ: घरीही पणजीच्या वेळची एक रेशमी रजई आहे, तिचं काय करावं?

मी २२ वर्षं जुन्या कापडांच्या जतनाचं काम करते आहे आणि रेशमी रजया त्यात बऱ्याच आल्या. तुमच्या जागी असते तर मलाही हाच राग आला असता, कारण जे दिसलं ते खरोखर दुर्लक्ष केल्यासारखंच दिसतं. पण तुम्ही एक गोष्ट फार बारकाईने टिपली आहे, आणि सगळं उत्तर तिच्यातच आहे. एकाच बाईने, एकाच सुमारास, एकाच धाग्याने शेजारी शेजारी शिवलेले दोन तुकडे. दोघांचं वय सारखं, दोघांनी पाहिलेला उजेड सारखा, वापरही सारखा. तरी एक धड आहे आणि दुसऱ्याच्या चिंध्या. म्हणजे रजई "जुनी झाली म्हणून" फाटली, हे स्पष्टीकरण पुरत नाही.

म्हणून आधी त्या काळ्या तुकड्याकडे बघू. रेशमाच्या किड्याच्या कोशातून निघालेला धागा दोन पदार्थांचा असतो. आत फायब्रॉइन नावाचं प्रथिन आणि त्याच्यावर सेरिसिन नावाच्या डिंकाचा लेप. साबणाच्या गरम पाण्यात उकळून हा डिंक काढला की रेशमाला ती ओळखीची लकाकी आणि मऊपणा येतो. पण डिंक जातो तेव्हा धाग्याचं वजनही २० ते २५ टक्क्यांनी घटतं. रेशीम विकलं जायचं वजनावर. घटलेलं वजन परत कसं आणायचं, याचं उत्तर व्यापाराने धातूंच्या क्षारांत शोधलं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाच्या क्षारांची पद्धत रुळली. रेशीम टिन क्लोराईडच्या द्रावणात बुडवायचं, मग सोडियम फॉस्फेटच्या, हे पुन्हा पुन्हा करायचं आणि शेवटी सिलिकेटचं पाणी द्यायचं. धागा फुगतो, जड होतो, कापड सुरेख पडतं आणि त्याला सळसळ येते. गेलेला चतुर्थांश तर भरून निघायचाच, वर त्याहूनही कितीतरी जास्त भार चढवता यायचा. घेणाऱ्याला ते कापड अधिक भारी, अधिक उंची वाटायचं. आत मात्र धागा ठिसूळ होत जायचा.

काळ्या आणि तपकिरी रंगांची गोष्ट याहून जुनी आहे. लोहाचे क्षार आणि टॅनिन, म्हणजे झाडांच्या साली-फळांतला तुरट पदार्थ, एकत्र आले की गडद काळा रंग मिळतो. शतकानुशतकं जगभर रंगाऱ्यांनी तो वापरला. पण रेशमात बसलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनमुळे होणारी झीज वेगाने घडवून आणतं, शिवाय अशा रंगातलं आम्लही प्रथिनाची साखळी तोडत राहतं. म्हणून जुन्या रजईत पिवळा, गुलाबी, पांढरा तुकडा टिकतो आणि काळा आधी जातो. फक्त काळी बाह्यरेषा विरून गेली आहे आणि तिच्या आतलं फूल जसंच्या तसं आहे, असंही मी पाहिलं आहे.

याचा अर्थ ती झीज रजईत शिवतानाच शिरलेली होती. शिवणाऱ्या बाईला त्याची कल्पनाही नसणार; तिने तर चांगलं, जड, काळंभोर रेशीम निवडलं होतं. आणि ते क्षार आज धाग्यातून काढून घेण्याची कोणतीही सुरक्षित पद्धत आमच्याकडे नाही. ही झीज आम्ही मंद करू शकतो, उलटवू शकत नाही. संग्रहालयाच्या पुढच्या प्रत्येक निर्णयामागे हेच आहे.

अर्थात सगळ्या रेशमी रजयांना हे लागू नाही, आणि इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. कथिलाचा भार चढवण्याची पद्धत येण्यापूर्वीचं रेशीम पुष्कळदा त्याच्यानंतरच्या रेशमापेक्षा चांगल्या अवस्थेत सापडतं. ब्रिटनमधल्या द क्विल्टर्स गिल्ड या रजया शिवणाऱ्यांच्या संस्थेच्या संग्रहात रेशमी तुकड्यांचं एक पांघरूण आहे, त्यावर १७१८ हे साल शिवलेलं आहे. ३०० वर्षं उलटून गेली. दुसरीकडे १८८०च्या दशकात अमेरिकेत वेड्यावाकड्या आकारांचे रेशमी आणि मखमली तुकडे जोडून, त्यावर भरतकाम करून रजया शिवण्याची मोठी लाट आली होती. त्या रजया १७१८च्या पांघरुणापेक्षा दीडशेहून अधिक वर्षांनी तरुण आहेत, पण त्यातल्या अनेकींना आज हात लावायची भीती वाटते. वयाचा आकडा बघून रेशमाची तब्येत सांगता येत नाही ती यामुळेच. अशा वेळी आम्ही एक्सआरएफ नावाचं क्ष-किरणांचं यंत्र कापडापाशी धरतो. धागा न तोडता, कथिल आहे की लोह, हे त्यातून कळतं. यंत्र नसेल तरी नजर पुष्कळ सांगते. वजन चढवलेलं रेशीम सरळ, एकमेकांना समांतर चिरांनी फाटतं, जणू कुणी पात्याने रेघा ओढल्या आहेत. वापराने झिजलेलं कापड असं फाटत नाही; ते आधी विरतं, पातळ होतं, मग भोक पडतं.

आता नवं रेशीम लावण्याबद्दल. याचं उत्तर मी माझ्या हाताखालून गेलेल्या एका रजईवरून देते. त्या रजईवर आधी कुणीतरी, अतिशय प्रेमाने आणि सफाईने, फाटलेल्या जागी नव्या रेशमाची ठिगळं लावली होती. टाके मजबूत कृत्रिम दोऱ्याचे आणि घट्ट. आमच्याकडे आली तेव्हा ठिगळं जशीच्या तशी होती आणि प्रत्येक ठिगळाच्या भोवतीने मूळ रेशीम फाटलं होतं, बरोबर सुईच्या भोकांच्या रेषेवर. कोऱ्या कागदाला भोकांची रांग पाडली की तो त्याच रेषेवर फाटतो, तसंच. नवं कापड ताठ आणि बळकट, जुनं ठिसूळ. रजई उचलली, ठेवली, हवेतली आर्द्रता बदलली की दोन्ही वेगवेगळी ताणली जातात आणि हरतं ते जुनंच. मूळ नुकसान चार बोटांचं होतं, दुरुस्तीने ते वीतभर केलं.

ती ठिगळं काढायला मला कित्येक आठवडे लागले. एकेक टाका भिंगाखाली कापायचा, दोरा ओढायचा नाही, तुकड्या-तुकड्याने उचलायचा. पण त्यातल्या एका ठिगळाखाली जे निघालं ते मी विसरलेले नाही. खाली मूळ रेशमाचा अर्धा तुकडा शिल्लक होता, लखलखीत जांभळा. त्याच तुकड्याचा ठिगळाबाहेर राहिलेला भाग राखेच्या रंगाचा झाला होता. आम्ही सगळे तोवर त्या रजईला "करड्या नक्षीची" म्हणत होतो. ती करडी नव्हतीच. १८५६ साली विल्यम हेन्री पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि त्यानंतरच्या काही दशकांत असे भडक, नवे रंग रेशमावर भरभरून वापरले गेले. त्यातले कित्येक उजेडात टिकणारे नव्हते. शिवणाऱ्या बाईने जांभळ्याशेजारी पिवळा ठेवला होता, आणि तिच्या मनातली रजई कशी होती हे आम्हाला त्या एका ठिगळाखाली दिसलं. समजा, दुरुस्ती करणाऱ्याने "रंग जुळवून" करडं रेशीम लावून दिलं असतं आणि फाटका मूळ तुकडा टाकून दिला असता, तर ती गोष्ट कायमची गेली असती. फाटका तुकडा जागेवर ठेवण्याचा आमचा हट्ट असतो तो म्हणून. त्याच्यात रंग आहे, धाग्याचा पीळ आहे, विणीची घनता आहे, कधी कापडाची किनारही असते. नव्या रेशमात यातलं काहीच नाही.

मग तुम्हाला दिसलेली जाळी काय करत होती? ती म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती आधार देत होती. पद्धत साधारण अशी असते. फाटलेल्या तुकड्याच्या खाली, जागा मिळेल तिथून, जुळत्या रंगात रंगवलेलं पातळ कापड सरकवतात. सुटे धागे चिमट्याने एकेक करून जागेवर बसवतात. वरून जवळजवळ पारदर्शक असं रेशमी क्रेपलीन किंवा नायलॉनची अतिशय बारीक जाळी, तीही त्या-त्या ठिकाणच्या रंगात रंगवून, पसरतात. आणि टाके घालतात ते मूळ शिवणीच्या रेषेत किंवा शेजारच्या शाबूत तुकड्याच्या कडेला. चिंध्यांवर सुई चालवत नाहीत. सुई अर्धगोल, दोरा केसाइतका. ही जाळी उद्या कुणालाही सोडवता येते. पुढच्या पिढीकडे याहून चांगली पद्धत आली तर आमचं काम तिच्या आड येऊ नये, हा हिशेब त्यात असतो. कापड टाकाही पेलणार नाही अशा अवस्थेत असेल तेव्हा मात्र चिकटवावं लागतं, पण तो माझ्यासाठी शेवटचा मार्ग आहे, कारण चिकटवलेलं पूर्णपणे सुटत नाही. क्रेपलीन की जाळी, यावरही मतभेद आहेत. क्रेपलीन दिसायला फार सुंदर, पण ते स्वतःच रेशीम असल्यामुळे तेही उजेडात झिजतं. मी रजयांवर बहुतेक वेळा नायलॉनची जाळी निवडते. माझे काही सहकारी तसं करत नाहीत, आणि त्यांचीही कारणं रास्त आहेत.

धुण्याचा मुद्दा याहून सोपा आहे. रजईचे तीन थर असतात: वर रेशमाचे तुकडे, मध्ये कापसाचं किंवा लोकरीचं भरण, खाली अस्तर. वरच्या थरात चाळीस वेगवेगळ्या कापडांचे तुकडे असले, तर चाळीस वेगवेगळे रंग आणि चाळीस वेगवेगळ्या रंगाऱ्यांचे हात. त्यातला एक जरी रंग पाण्यात सुटला तरी तो शेजाऱ्यात उतरतो आणि परत निघत नाही. ओलं रेशीम कोरड्यापेक्षा कमजोर असतं, आणि नेमकं त्याच वेळी पाणी प्यालेल्या भरणाचा सगळा भार त्याच्यावर येतो. प्रत्येक थर आपापल्या मापाने आटतो तो वेगळाच. "कोरड्या धुलाई"तही कापड फिरवलं जातं, घुसळलं जातं. चिरा गेलेल्या रेशमाला ते सोसत नाही. एखादी साधी, एकरंगी, धड रेशमाची दुलई असेल, रंगाची चाचणी प्रत्येक ठिकाणी घेतलेली असेल, सपाट आधारावर ठेवून भिजवण्याची सोय असेल, तर धुणं अशक्य नाही. पण तुम्ही वर्णन केलेल्या रजईला मी पाणी लावणार नाही. तिच्यासाठी मंद ओढीचा व्हॅक्यूम, मध्ये बारीक जाळी धरून, वीत-वीत जागा साफ करत जाणं एवढंच. धूळ मात्र काढायलाच हवी, कारण तिचे कण धारदार असतात आणि प्रत्येक हालचालीत धागा कापतात.

षटकोनी तुकड्यांच्या रजईत पाण्याला नाही म्हणण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते मला सगळ्यात प्रिय आहे. या पद्धतीत आधी कागदाचे षटकोन कापतात. प्रत्येक कागदावर रेशमाचा तुकडा ठेवून त्याच्या कडा मागे दुमडून टाचतात. मग असे दोन षटकोन, रेशमाच्या दर्शनी बाजू समोरासमोर लावून, कडेच्या कडेने, बारीक वरवरच्या टाक्यांनी जोडतात. सगळं जोडून झालं की टाचण उसवून कागद काढून टाकायचे. पण पुष्कळदा कागद काढायचे राहून जातात, कधी रजईच अर्धवट राहते. कागद त्या काळी सहज फेकून द्यायची वस्तू नव्हती, त्यामुळे घरात जे असेल ते कापलं जायचं: जुनी पत्रं, हिशेबाची पानं, मुलांचे कित्ते, छापील जाहिराती. वर सांगितलेल्या १७१८च्या पांघरुणातही कागद आत आहेत.

मी एकदा अशी रजई तपासत होते. अस्तराची एक बाजू आधीच उसवलेली होती, म्हणून आम्ही ती न उसवता, फक्त थोडी उचलून, आत उजेड सोडून पाहिलं. एका षटकोनावर बेरजेचे आकडे. एकावर कुणाला तरी उद्देशून लिहिलेल्या दोन ओळी, नाव कापलं गेलेलं. एकावर सालाचे शेवटचे दोनच अंक. अशा सालावरून रजईचं वय ठरवताना सावध राहावं लागतं. कागदावरचं सर्वांत अलीकडचं साल एवढंच सांगतं की रजई त्याच्या आधीची नाही. कागद घरात वीस वर्षं पडून राहून मग कापलेला असू शकतो, आणि रेशीम तर आजीच्या पोशाखातलंही असू शकतं. पण तिथे वाकून ते आकडे वाचताना ती बाई मला त्या खोलीत असल्यासारखी वाटली होती. पाण्यात घातली असती तर शाई पसरली असती, कागदाचा लगदा झाला असता, आणि रजई स्वच्छ दिसली असती.

आता मंद उजेड, आणि रजई काढून का ठेवली ते. नैसर्गिक धाग्यांमध्ये उजेडाने सगळ्यात लवकर खराब होणारं कापड रेशीम. रंग उडतो तो डोळ्यांना दिसतो; धागा कमजोर होतो तो दिसत नाही, आणि तेच जास्त वाईट. उजेडाचं नुकसान साठत जातं. रोज थोडं थोडं, आणि एकूण बेरीज महत्त्वाची. म्हणून संग्रहालयांत रेशमासाठी साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) मर्यादा पाळतात आणि अतिनील किरण गाळून टाकतात. ५० लक्स ही काही निरुपद्रवी पातळी नाही. माणसाच्या डोळ्याला रंग नीट ओळखता येतील इतका कमीत कमी उजेड, अशी ती तडजोड आहे. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना पहिली काही मिनिटं तर ती अंधारच वाटते, आणि वय वाढलं की डोळ्यांना उजेड अधिक लागतो हेही खरं. तुमच्या आईंना घेऊन परत जाल तेव्हा दालनात शिरल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मग बघा. फरक पडतो.

एक ढोबळ हिशेब करून बघा. ५० लक्स, रोज ८ तास, १८० दिवस. गुणाकार येतो ७२,००० लक्स-तास. भर दुपारच्या थेट उन्हात उजेड असतो सुमारे १,००,००० लक्स. म्हणजे दालनात सहा महिने मांडलेल्या रजईने जेवढा उजेड सोसला, तेवढा उन्हात पाऊण तास टाकलेली रजई सोसते, आणि उन्हात अतिनील किरण असतात ते वेगळे. हा आकडा मी नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण तो एकदा डोक्यात बसला की "थोडा वेळ उन्हात ठेवूया" हे वाक्य तोंडातून निघत नाही.

उलट उदाहरणही आहे. चीनमध्ये दुनहुआंगजवळच्या मोगाव लेण्यांतली १७ क्रमांकाची लहानशी गुहा ११व्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास बंद केली गेली आणि जवळजवळ ९०० वर्षं तशीच राहिली. पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइन १९०७ साली तिथे पोचले. तिथून त्यांनी आणलेल्या वस्तूंमध्ये रेशमी तुकडे जोडून शिवलेलं एक मोठं कापड आहे, ८व्या-९व्या शतकातलं, आज ब्रिटिश म्युझियममध्ये. हजाराहून अधिक वर्षांचं रेशीम, आणि त्याचे रंग आजही वेगळे ओळखू येतात. त्याला कुणी औषध लावलं नव्हतं. वाळवंटाची कोरडी हवा होती आणि अंधार होता.

रजई काढून ठेवण्याबद्दल एक गैरसमज आमच्या क्षेत्राबाहेर फार आहे, आणि "वस्तूला विश्रांती दिली" अशी पाटी लावून आम्हीच तो वाढवतो. विश्रांतीने रेशीम बरं होत नाही. अंधारात ठेवलेल्या रजईचा उडालेला रंग परत येत नाही, तुटलेली साखळी जुळत नाही. काही महिने मांडायची आणि काही वर्षं आत ठेवायची, याचा अर्थ एवढाच की पुढच्या शंभर वर्षांत तिला जेवढा उजेड सोसवेल असं आम्ही धरलं आहे, तो एकाच दशकात संपवायचा नाही. तुम्ही पाहिलेले सहा महिने हा त्या शिल्लकेतला खर्च होता. तो तुमच्यासाठीच केलेला होता, आणि आईंची वेळ चुकली याचं मला मनापासून वाईट वाटतं. संग्रहालयाला लिहून विचारा. अनेक ठिकाणी साठवणीतली वस्तू आधी वेळ ठरवून दाखवतात. नाही म्हटलं तरी पुन्हा कधी मांडणार हे सांगतात.

मांडणीतली एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण बहुधा पाहिली असेल. रजई टांगलेली नसून उतरत्या फळीवर टेकवलेली असणार. टांगलं की संपूर्ण वजन वरच्या रांगेतल्या टाक्यांवर येतं. उतरत्या फळीवर धुतलेलं सुती कापड ताणून बसवलेलं असतं आणि त्याच्या घर्षणाने रजई जागच्या जागी धरली जाते, वजन सगळीकडे वाटलं जातं. दमट हवा, कोरडी हवा यांचे झपाट्याने होणारे बदल टाळायचे म्हणून काचपेटी. सापेक्ष आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असली की रेशीम ना कडक होतं, ना त्यावर बुरशी धरते.

इथवरचं दोन ओळीत सांगायचं तर: काळे तुकडे त्यांच्यातल्या धातूंमुळे जात आहेत आणि ते थांबवता येत नाही, धुणं आणि ठिगळ त्या जाण्याला वेग देतात, जाळी, मंद उजेड आणि अंधारातली वर्षं तो वेग कमी करतात. तुम्हाला जे दुर्लक्ष वाटलं, त्यामागे बहुधा कुणाचे तरी कित्येक महिने आहेत.

आता तुमच्या घरची रजई. इथे मी न पाहता बोलते आहे, त्यामुळे जे कुठल्याही जुन्या रेशमी रजईला चालेल तेवढंच सांगते. धुऊ नका, धुलाईवाल्याकडे देऊ नका, इस्त्री फिरवू नका. उन्हात घालू नका. का ते वर आलंच आहे. डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ माणसाला वाईट, आणि किडीचा बंदोबस्तही त्यांनी खात्रीने होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कायमची बंद करून ठेवू नका, आत दमटपणा कोंडतो. लाकडी कपाटात थेट फळीवरही ठेवू नका. लाकडातून आम्लाची वाफ सुटत राहते आणि कपड्याला लागून पिवळट पट्टा उठतो. मांजरपाट आणा, खळ पूर्ण निघेपर्यंत दोन-तीनदा नुसत्या गरम पाण्यात धुवा, वाळवा आणि रजई त्यात गुंडाळा.

घडी हा घरच्या रजईचा सगळ्यात मोठा शत्रू. वर्षानुवर्षं एकाच रेषेत घडी राहिली की रेशीम तिथेच चिरतं. शक्य असेल तर पलंगाखाली किंवा मोठ्या खणात सपाट ठेवा. नसेल तर घडीच्या प्रत्येक वळणात आम्लमुक्त टिश्यू कागदाची किंवा धुतलेल्या मांजरपाटाची सैल गुंडाळी करून घाला, म्हणजे घडी टोकदार न होता गोल राहील. कागद घेताना रेशमासाठी अल्कली न मिसळलेला मागा. वर्षातून एक-दोनदा उघडा आणि घडीची रेषा बदला. मोठ्या व्यासाच्या नळीवर गुंडाळणार असाल तर वरची रेशमी बाजू बाहेर आणि अस्तर आत ठेवा, म्हणजे चुण्या पडल्या तर त्या अस्तरावर पडतात. मात्र भरण जाड असेल तर गुंडाळू नका. थर एकमेकांवर सरकतात आणि टाके ताणले जातात.

भरण लोकरीचं असेल तर कसर लागण्याची भीती जास्त. कसरीच्या अळीला मुख्यतः लोकर हवी असते, पण तिथवर जाताना ती रेशमातून वाट काढते, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असतील तिथे आधी. घड्यांमध्ये वाळूसारखे बारीक कण, रेशमी नळकांड्यांसारखे कोश किंवा अळीची सोललेली कात दिसली तर रजई बाकी कपड्यांपासून लगेच वेगळी करा. थंडीचा उपाय खात्रीचा आहे: रजई पॉलिथिनमध्ये हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये, म्हणजे सुमारे उणे १८ अंश सेल्सियसला, दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी निदान २४ तास उघडायची नाही, नाहीतर हवेतलं पाणी थंड रेशमावर दव होऊन बसतं. पण रजईत चिरा गेलेलं रेशीम, रंगवलेली चित्रं, मणी किंवा टिकल्या असतील तर हे घरी करू नका. फ्रीझरमध्ये कोंबतानाच ती मोडेल. आधी जाणकाराला दाखवा.

हात लावताना स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात पुरतात. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. दोन टोकं धरून रजई उचलू नका. खाली एक चादर सरकवा आणि चादरीसकट उचला.

आणि एक काम या सगळ्याच्या आधी करा. आईंना समोर बसवून रजईबद्दल त्यांना जे माहीत असेल ते लिहून घ्या. कुणी शिवली, कुठल्या कापडाचा कुठला तुकडा, कुणाच्या लग्नातला, कधी वापरात होती, कधी धुतली होती का. संग्रहालयात आलेल्या कित्येक रजयांबाबत माझ्याकडे यंत्राने काढलेला कथिलाचा आकडा असतो आणि शिवणाऱ्या बाईचं नाव नसतं. तुमच्याकडे ते नाव आहे.

तुमच्या रजईबद्दल नेमकं सांगायचं तर मला तीन गोष्टी कळायला हव्यात. दिवसाच्या उजेडात पण उन्हात नाही, फ्लॅश बंद ठेवून, पुढची आणि मागची बाजू असे फोटो काढा. गडद तुकड्यांचा जवळून एक फोटो, म्हणजे चिरा समांतर आहेत की कापड नुसतं विरलं आहे ते दिसेल. आणि कडेला एखादा टाका आधीच उसवलेला असेल तर तिथून आत नुसतं डोकावून भरण कापसाचं आहे की लोकरीचं, आणि कागद दिसतो का, ते पाहा. बोट घालू नका, टाका वाढवू नका. कागद दिसला तर आधी मला कळवा आणि तोवर रजई आहे तशीच, चादरीवर, सपाट राहू द्या.